‘हा काही खातच नाही’

आटगाव स्टेशनाहून चालत पाच मिनिटांवर माझा दवाखाना आहे. गेली पंचवीस वर्षं मी तिथे बसते. ताप, जुलाब, खरूज, विंचूदंश, लावणीच्या दिवसांत पायाला होणाऱ्या चिखल्या, असं सगळं येतं. पण सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर ते हेच: ‘मॅडम, हा काही खातच नाही. भूक लागायचं औषध द्या.’

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात हे वाक्य मी तीन घरांतून ऐकलं. पहिली आई स्टेशनजवळच्या नव्या इमारतीतली. नवरा पहाटेची लोकल धरून मुंबईला जातो, रात्री साडेनऊला परततो. ती स्वतः जवळच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करते. मुलगा आठ वर्षांचा, वजन हवं त्यापेक्षा चार-पाच किलो जास्तच. दुसरी मुरबाड तालुक्यात दिलेली, शेतकरी घरातली, चार दिवस माहेरी आलेली. तिच्याबरोबर तिच्या सासूबाई, म्हणजे मुलाची आजीही आली होती, आणि चार वर्षांचा नातू. तिसरी आई आलीच नव्हती. जवळच्या कातकरी वाडीतली दहा वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन आली होती. भावाचं वजन साडेसात किलो. तिनेच सांगितलं, ‘मॅडम, ह्यो खातच नाय.’

तीन मुलं, तीन प्रकृती आणि तक्रार शब्दाला शब्द सारखी. टॉनिकची बाटली मी तिघांनाही दिली नाही. (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी नमुने ठेवून जातात, ते माझ्या कपाटात धूळ खात पडलेले असतात, हे जाता जाता सांगते.) त्याऐवजी तिघांना एकच प्रश्न विचारला: काल घरात कोण, किती वाजता आणि काय जेवलं? मुलाच्या खाण्याबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर मुलाच्या तोंडाकडे बघून भागत नाही. त्या घराची चूल केव्हा पेटते, घरात कोण असतं, हातात पैसा कसा येतो, हे बघावं लागतं.

इमारतीतल्या घराचं उत्तर असं. मुलगा दुपारी शाळेतून येतो, शेजाऱ्यांकडून किल्ली घेतो. झाकून ठेवलेली पोळी-भाजी तशीच राहते. चारच्या सुमाराला तो पाकिटातल्या शेवया कोरड्याच चुरतो, वर मसाला टाकतो आणि खातो. आई सातला येते. स्वयंपाकाला साडेआठ वाजणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून येताना वडापाव नाहीतर भजी आणते. बाबा आले की खरं जेवण. तोवर मुलाचं पोट भरलेलं असतं, पण दिवसभरात बाबा भेटतात ते तेवढेच, म्हणून तो त्यांच्याबरोबर मोबाईल बघत पुन्हा थोडं खातो. म्हणजे ‘काही खात नाही’ याचा अर्थ ‘मी केलेलं खात नाही’ असा होता.

शेतकरी घरातला नातू आजोबांच्या शेजारी साडेसातला जेवायला बसला होता. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, टाकळ्याची भाजी, सुक्या बोंबलाचा तुकडा. अर्धी भाकरी खाऊन उठला. मग आजी ताट घेऊन अंगणभर त्याच्या मागे. त्याची उंची आणि वजन तक्त्यावर अगदी जागच्या जागी होतं. इथे ‘खात नाही’ म्हणजे आजीच्या मनासारखं खात नाही. मी आजींना म्हटलं, ‘आजी, पोट भरल्याचं त्याला कळतं, तुम्हाला कळत नाही.’ आजी रागावल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, ही डॉक्टरीण काही कामाची नाही.

वाडीतल्या मुलीने सांगितलं ते असं. आईबाप लावणीच्या रोजावर गेले होते, अंधार पडल्यावर आले. मग भात आणि चिंबोऱ्यांचं कालवण शिजलं. शेतातल्या, ओढ्यातल्या या खेकड्यांइतकं सकस अन्न पावसाळ्यात दुसरं नाही. पण ते शिजेपर्यंत भाऊ झोपून गेला होता. दिवसभरात त्याच्या पोटात काय गेलं, तर चहात बुडवलेली दोन बिस्किटं आणि दुकानातलं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. त्यातलंही अर्धं बहिणीने खाल्लेलं. दोन वर्षांच्या मुलाचं पोट लहान. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं आणि घट्ट अन्न लागतं. त्याला भूक असते तेव्हा चूल पेटलेली नसते, आणि चूल पेटते तेव्हा तो झोपलेला असतो. भूक लागायच्या औषधाने यातलं काय बदलणार?

आता थोडं मागे जाऊ. चव नेमकी लागते केव्हापासून? आपण समजतो त्याच्या फार आधी. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका संस्थेत ज्युली मेनेला यांनी एक साधा प्रयोग केला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. काही गर्भवती बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला, काहींना बाळ अंगावर पीत असताना, आणि काहींना नुसतं पाणी. पुढे बाळांना वरचं अन्न सुरू झालं तेव्हा गाजराची चव असलेली लापशी दिली. ज्यांच्या आयांनी रस प्यायला होता, पोटात असताना किंवा अंगावर पाजताना, त्या बाळांनी ती खाताना कमी तोंडं वाकडी केली. आईच्या ताटातली चव गर्भजलातून आणि दुधातून बाळाला आधीच ओळखीची झालेली असते.

आमच्याकडे पहिला पाऊस पडला की रानात शेवळं उगवतात. त्या भाजीला खाज असते, म्हणून ती काकडं नावाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. बाहेरून आलेला माणूस बिचकतच घास घेतो. पण ज्या घरात दर वर्षी शेवळं होतात तिथलं तीन वर्षांचं पोर ती भाताबरोबर मिटक्या मारत खातं. टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी, आळंबी यांचंही तेच. आमच्या भागातल्या ठाकूर, कातकरी, कुणबी घरांच्या पावसाळी ताटात जे वैविध्य असतं ते शहरातल्या पैसेवाल्या घराला परवडूनही मिळणार नाही. गरीब घर म्हणजे खाण्याची वाईट सवय, असं समीकरण कुणी मांडलं की मला या ताटांची आठवण येते.

मग अडतं कुठे? दोन ते सहा वर्षांचं मूल नवा पदार्थ पाहिला की तोंड फिरवतं. हा हट्ट नव्हे, तो वयाचा भाग आहे. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुढ्यात आली, चाखली गेली, की ती आवडू लागते. हा सल्ला मीही वर्षानुवर्षं देत आले. पण कुणी तरी हिशेब करायला हवा होता की पहिल्या नऊ वेळा टाकलेल्या भाजीचं काय होतं. शेतकरी घरात ती आजी खाते, नाहीतर कोंबड्यांपुढे जाते, गाईच्या घमेल्यात जाते. काही वाया जात नाही. वाडीतल्या घरात मात्र रोजाच्या पैशातून आणलेली पावशेर भाजी मुलाने थुंकली म्हणजे पैसे थुंकले. त्या आईला खात्रीने खाल्लं जाईल तेच आणावं लागतं, आणि खात्रीने खाल्लं जातं ते पाकीट. बोस्टन शहराच्या परिसरात केटलिन डॅनिएल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी गरीब आणि सुखवस्तू घरांच्या स्वयंपाकघरांत बसून हेच टिपलं आणि 2016 साली मांडलं. सुखवस्तू आई मुलाच्या नकाराचा खर्च सोसू शकते, गरीब आई नाही. बोस्टन कुठे आणि आमची वाडी कुठे, पण वाचताना मला शहापूरच्या बाजारातच उभी असल्यासारखं वाटलं.

पाकिटाची आणखी एक बाजू आहे आणि ती समजायला मला फार वर्षं लागली. आधी मी आयांना सरळ ओरडायची. एकदा अशीच एका आईला बोलले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, ‘मॅडम, सायकल मागतो, नाय म्हणते. बूट मागतो, नाय म्हणते. जत्रेला पाळण्यात बसतो म्हणतो, नाय म्हणते. पाच रुपयांच्या पुडीला तरी हो म्हणू दे ना.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुढे वाचनात आलं की कॅलिफोर्नियात प्रिया फिल्डिंग-सिंग यांना 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अगदी हेच आढळलं होतं. ज्या आईबापांना मुलाला पुष्कळ गोष्टी नाकाराव्या लागतात ते खाऊला हो म्हणतात. ज्यांच्याकडे बाकी सगळं द्यायला आहे त्यांना खाऊला नाही म्हणणं सोपं जातं, उलट त्यात त्यांना आपण चांगले पालक असल्याचं समाधान मिळतं.

मी त्या दुसऱ्या जातीतली. माझ्या मुलाला मी कधी पाकीट दिलं नाही. पण माझ्या घरची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांच्या घरात डोकावणं होईल. मी त्याच्या पुढ्यात नाचणीची भाकरी आणि पालेभाजी ठेवायची आणि ‘संपव, मग उठ’ म्हणायची. त्याच पंगतीत त्याचे बाबा पालेभाजी ताटाच्या कडेला सारून बटाटा वाढून घ्यायचे. मुलगा बोलायचा नाही, बघायचा. आज तो तिशीला आला आहे, पुण्यात असतो, आणि पालेभाजी ताटाच्या कडेला सारतो. जबरदस्तीने संपवायला लावलेला पदार्थ मुलांच्या मनातून उतरतो, हे लीअन बर्च यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं मुलांवर केलेल्या अभ्यासांतून दाखवलं. मला ते माझ्याच जेवणाच्या टेबलावर दिसत होतं, पण डॉक्टरलाही घरी गेल्यावर दिसेनासं होतं.

इथवर खाण्याचं झालं. पण घराची छाप मुलाच्या अंगावर पडते ती त्याहूनही खोल, आणि त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या सहा गावांत जमा झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली तिथल्या बायकांचा गर्भधारणेच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. या आया शेतकरी घरातल्या, अंगाने बारीक, वजनं सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांशी तुलना केली, ती साडेतीन किलोची. आपली बाळं लहान होती यात नवल नाही. नवल असं की त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला काटक, आतून चरबीकडे झुकलेलं असं हे बाळ.

डॉ. याज्ञिकांनी याचं एक गमतीशीर उदाहरण स्वतःवरूनच दिलं आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा फोटो छापून आला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो एकच: 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. एक मॅरेथॉन धावणारे, आणि दुसऱ्यांचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाणं, अशी मल्लिनाथीही त्यांनीच सोबत केली होती. विनोद सोडला तर मुद्दा गंभीर आहे. आपली बारीक मुलं बारीक आहेत म्हणून सुरक्षित नाहीत. पोटात असताना उपाशी राहिलेल्या शरीराला पुढे पाकीट, गोड पेयं आणि बैठी संध्याकाळ मिळाली, तर मधुमेह त्याला लवकर गाठतो.

पुण्याच्या त्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या मला आमच्या भागासाठी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. आईच्या पोटात एकूण किती उष्मांक गेले यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा गेलं, याच्याशी बाळाच्या वजनाचा अधिक संबंध होता. आणि ज्या आयांच्या वाट्याला शेतातली आणि पाणी भरण्याची कामं जास्त होती त्यांची बाळं हलकी होती.

पाणी भरणं म्हटलं की शहापूर तालुक्यातल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव 1892 साली पूर्ण झाला. मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा पुढे आले. हे सारं पाणी आमच्या तालुक्याच्या अंगाखांद्यावरून मुंबईला जातं आणि मार्च उजाडला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. या रांगेत उभी राहणारी गर्भार बाई आणि तिच्या बाळाचं वजन यांचा संबंध आहे, हे कुणी धरणाच्या हिशेबात धरत नाही.

मुलांच्या खेळाबद्दल आणि हालचालीबद्दल बोलताना मला हीच रांग आठवते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. आमच्या वाडीतली मुलगी दोन हंडे घेऊन चढ चढते तेव्हा तिची साठ मिनिटं भरलेलीच असतात. पण तिच्या पाठीला, तिच्या वाढीला त्यातून खेळाचा फायदा मिळत नाही. खेळताना मूल दमलं की थांबतं. हंडा घरी पोचेपर्यंत थांबता येत नाही.

मुलग्यांचं वेगळं. वाडीतली पोरं दिवसभर ओढ्यात, झाडावर, बांधावर. नऊ वर्षांचा पोरगा जांभळीच्या शेंड्याला पोचलेला मी पाहिला आहे. अंगात चपळाई, नजर तीक्ष्ण. कबड्डीच्या संघात अशी दोन पोरं असतील तर तालुका जिंकावा. पण हिवाळ्यात केंद्रावर आणि तालुक्याला खेळांच्या स्पर्धा होतात तेव्हा ही पोरं आईबापांबरोबर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर असतात. शाळेच्या दृष्टीने ती गैरहजर. त्यांच्या घराने त्यांना उत्तम शरीर दिलं आणि त्याच घराच्या पोटाने त्यांना मैदानावरून उचललं.

इमारतीतल्या मुलाचं मैदान आणखी वेगळ्या कारणाने गेलं. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग. आई सात वाजेपर्यंत कामावर. ती मुलाला म्हणते, दार लावून घरात बस. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरात मोबाईल आला, शाळा उघडल्या तरी तो परत गेला नाही. आता तोच त्याला सांभाळतो. हा मुलगा आळशी नाही. त्याच्या घरात संध्याकाळी चार ते सात मोठं माणूस नाही, एवढंच. शेतकरी घरातल्या नातवाला आजी ताट घेऊन पळवते म्हणून मी हसले खरी, पण पळवायला आजी आहे, अंगण आहे, हे त्या मुलाचं केवढं भांडवल आहे, ते या दुसऱ्या मुलाकडे पाहिलं की कळतं. त्याच शेतकरी घरातल्या मोठ्या नातीची चौकशी केली तर ती बाराव्या वर्षानंतर खेळायला जात नाही असं समजलं. ‘आता मोठी झाली ना.’ घराची माया आणि घराचा नियम एकाच अंगणात असतो.

ही सगळी मुलं एकाच राज्याच्या आकडेवारीत मोजली जातात. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 36.1 टक्के कमी वजनाची आढळली, म्हणजे 2015-16 च्या पाहणीपेक्षा सुधारणा नाहीच. त्याच काळात वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण 1.9 वरून 4.1 टक्क्यांवर गेलं. आकडा लहान आहे, पण दुपटीहून जास्त झाला आहे. आटगावात या दोन्ही टोकांची मुलं माझ्या बाकावर शेजारी शेजारी बसतात. पुष्कळदा दोघांच्या हातात पुडी एकाच कंपनीची असते.

घराच्या पलीकडून काही करता येतं का? येतं, आणि झालेलंही आहे. शाळेतल्या पोषण आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो कोरडे तांदूळ मुलाच्या हातात मिळायचे. ते साहजिकच घरच्या डब्यात जायचे आणि सगळ्या घराच्या पोटात. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि तांदळाची खिचडी झाली. मग ती मुलाच्या पोटात जाऊ लागली. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीतच बसून जेवण दिलं जातं, त्यामागेही हेच शहाणपण आहे. घरी नेलेल्या ताटातून बाई आधी मुलांना वाढते, मग नवऱ्याला, आणि भांडं पुसून उरलेलं स्वतः खाते. मी आजवर अशी एकही आई पाहिलेली नाही जिने ताट घरी नेऊन आधी स्वतः खाल्लं. खिचडीला पुष्कळ जण नावं ठेवतात. कुठे डाळ पातळ असते, कुठे भाजी नावालाच, हे मीही पाहिलं आहे. तरीही आमच्या वाडीतल्या पोरांचं दिवसातलं ठरल्या वेळेचं एकमेव जेवण तेच आहे, आणि ठरल्या वेळेला भूक लागायची सवय त्यांना तिथेच लागते.

त्या तीन मुलांचं पुढे काय झालं ते सांगते. इमारतीतल्या आईला मी भाजीचा सल्ला दिला नाही. तिच्या कामाच्या वेळा लिहून काढल्या आणि आम्ही दोघींनी मिळून एक गोष्ट ठरवली. ती पहाटे नवऱ्याच्या डब्याबरोबर भाजणीचं थालीपीठ करून ठेवते. मुलगा चार वाजता ते शेजारच्या काकूंकडे त्यांच्या मुलांबरोबर बसून खातो, आणि काकूंच्या नजरेसमोर इमारतीच्या खाली सायकल फिरवतो. त्या काकूंच्या मुलीची शिकवणी ही आई रविवारी घेते. कोरड्या शेवया पूर्ण सुटल्या नाहीत, रोजच्या आठवड्यातून दोनदावर आल्या. मुरबाडच्या आजी पुन्हा आल्या नाहीत. सून म्हणाली, अजून ताट घेऊन पळतात.

वाडीतल्या भावाला अंगणवाडीताईंच्या मदतीने ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. चौदा दिवस आई त्याच्याबरोबर राहिली, म्हणजे ऐन लावणीचे चौदा रोज बुडाले. परत आल्यावर बहीण त्याला सकाळी अंगणवाडीत सोडून शाळेत जायला लागली. रात्रीचा थोडा भात तेल-मीठ घालून बाजूला ठेवायचा आणि सकाळी चहाच्या आधी त्याला द्यायचा, एवढं आई करू लागली. दसऱ्यापर्यंत पोरगा साडेआठ किलोचा झाला. शेतातल्या मासळीने, चिंबोऱ्यांनीही हातभार लावला.

दिवाळीनंतर आई स्वतः दवाखान्यात आली. भट्टीमालकाकडून बयाणा, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेऊन झाले होते. त्यातले काही रुग्णालयाच्या दिवसांतच खर्च झाले. आता निघायला हवं होतं. भट्टीवर ना अंगणवाडी, ना खिचडी. तिचा प्रश्न मुलाबद्दल नव्हता, मुलीबद्दल होता. मुलीला म्हाताऱ्या आजीजवळ वाडीवरच ठेवलं तर तिची शाळा आणि दुपारचं जेवण सुटणार नाही. पण मग भट्टीवर नवरा-बायको विटा पाडत असताना दोन वर्षांच्या पोराला कडेवर कोण घेणार, आणि सकाळचा भात त्याला कोण भरवणार? ‘मॅडम, तुमी सांगा, कोणाला ठेवू?’

मुलगी दारात उभी होती. भाऊ तिच्या कडेवर होता आणि तिच्या हातातलं बिस्कीट खात होता.